थ्री नॉट थ्री अंकल

लढाईचा सिनेमा बस्त्याव अंकलबरोबर बघायचा नाही, हे दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावर हिरो बर्फात शेवटचे श्वास घेतोय, आम्ही बायका ओढणीने डोळे टिपतोय, आणि सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "ही बंदूक त्या साली नव्हतीच." मग हिरो राहायचा बाजूला. रिमोट अंकलच्या हातात जायचा, सिनेमा मागे जायचा, बंदुकीच्या नाकावर येऊन थांबायचा. माझी लेक वैतागून म्हणायची, "अंकल, इट्स जस्ट अ मूव्ही." त्यावर अंकलचं उत्तर ठरलेलं होतं. "मूव्ही असली म्हणून काय झालं? बापाच्या जागी शेजारी उभा केला तर चालेल का तुला?" लेकीला ते विनोदी वाटायचं. मलाही तेव्हा विनोदीच वाटायचं.

अंकल वसईचे ख्रिश्चन. आयुष्यभर दुबईच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंग मॅनेजर होते, आणि हे ते पाच मिनिटांत समोरच्याला सांगायचेच. रिटायर झाल्यावर लेकीच्या, लविनाच्या व्हिसावर तिच्याकडे राहत होते. आमच्या बरोबर खालचा फ्लॅट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात असले तरी शर्टाला कडक इस्त्री आणि पायात मोजे. नम्रता वगैरे भानगड नव्हती. सुपरमार्केटमध्ये चादरींच्या रांगेपाशी उभे राहून अनोळखी बायकांना "मॅडम, ये मत लो, दो धुलाई में खलास" असं सांगायचे आणि आभाराची वाट बघत उभे राहायचे. मी म्हसळ्याची, कोकणी मुसलमान. पहिल्या भेटीतच त्यांनी मला 'बाय' म्हणायला सुरुवात केली, परवानगी वगैरे न विचारता. इथे सगळे मॅडम नाहीतर सिस्टर म्हणतात. माझ्या गावी मला बाय म्हणणारं आता कोणी उरलेलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं बरंच खपवून घेतलं.

बंदुकांशी माझा संबंध आला तो नोकरीमुळे. मी एका अरबी शेठच्या ऑफिसात ॲडमिन बघते. आम्ही सगळे त्यांना अर्बाब म्हणतो. अर्बाबना साठीच्या उंबरठ्यावर जुन्या रायफली जमवायचा नाद लागला. त्यांच्या आजोबांची एक होती, ती मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, भिंतीवर टांगली, मग ती एकटी बरी दिसेना. परवाने त्यांच्या नावावर, रायफली सगळ्या निकामी केलेल्या, आणि त्यांची माहिती काढून खाली लेबलं लावायचं काम माझ्या गळ्यात. का, तर माझं इंग्लिश चांगलं! मी आयुष्यात सुरीपलीकडे हत्यार हातात धरलं नव्हतं. पहिल्या खेपेच्या सगळ्या रायफली मला एकाच आईची लेकरं वाटल्या. लाकूड, नळी, घोडा. मी घरी येऊन रडकुंडीला आले आणि फोटो घेऊन सरळ खालच्या मजल्यावर गेले.

अंकलनी फोटो बघितले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या हॉटेलात मळकी चादर अंथरली होती. "सगळ्यांना थ्री नॉट थ्री लिहिलंयस?" मी म्हटलं, आपल्याकडे पोलिसाच्या खांद्यावर असते तिला थ्री नॉट थ्रीच म्हणतात ना? "आपल्याकडे वाट्टेल त्याला थ्री नॉट थ्री म्हणतात," अंकल म्हणाले. "माझी आईसुद्धा म्हणायची." मग त्यांनी मोजे वर ओढले आणि माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांची पद्धत अशी. आधी नाक, मग मानगूट, मग पोट. नाक चपटं, कुत्र्याने दाराला लावल्यासारखं, आणि नळी त्याच्या बाहेर डोकावत नसेल तर ती जुनी, पहिल्या महायुद्धाच्या घराण्यातली. नळी नाकाबाहेर बोटभर आली असेल तर ती दुसऱ्या महायुद्धातली. टोकाला नरसाळं असेल तर जंगलातल्या लढाईसाठी आखूड केलेली. मानगूट म्हणजे लाकडी दस्ता लोखंडाला जुळतो ती जागा. तिथे मुकुट, कारखाना आणि साल ठोकलेलं असतं. पोट म्हणजे गोळ्यांची पेटी. ती जास्त चौकोनी असेल तर आपल्या सरकारने नंतर बनवलेली, तिच्यात थ्री नॉट थ्रीची गोळी बसतच नाही. आणि शेवटी वरचा खटका, म्हणजे बोल्ट, मागे ओढून पोटात वाकून बघायचं. "नाक खोटं बोलेल, मानगूट खोटं बोलेल," अंकल म्हणायचे, "कारण लोक भाग बदलतात. पोट उघडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही."

अर्बाबना त्यांनी पहिल्याच भेटीत खिशात टाकलं. दोघांचं हिंदी सारखंच तोडकंमोडकं होतं, म्हणून जमलं असावं. पगार देऊ केला तर अंकलनी हात जोडले. त्यांची एकच अट होती. नवीन पेटी आली की ती त्यांच्यासमोर उघडायची. आणि मी एक गोष्ट टिपून ठेवली होती. मला नाक-मानगूट-पोट शिकवणारे अंकल स्वतः मात्र पेटी उघडली की आधी प्रत्येक रायफल उलटी करून दस्ता बघायचे. एकेक दस्ता. मग सुस्कारा टाकून पहिल्यापासून नाकाला लागायचे. त्यांच्याच नियमात हे बसत नव्हतं.

एकदा मी विचारलंच. अंकलनी मला त्यांच्या खोलीत नेलं. पलंगासमोरच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. इनास त्यांचं नाव. खाकी कपडे, पट्ट्या गुंडाळलेले पाय, हातात चपट्या नाकाची रायफल. रायफलच्या दस्त्यावर पांढरा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळी रेघ आणि मधे एक आकडा. अंकल लहान होते तेव्हा इनास फौजेत जातो सांगून वसईहून गेले. चीनच्या लढाईच्या वर्षी त्यांची पत्रं बंद झाली. तार आली नाही, पेन्शन आली नाही, काही म्हणजे काही आलं नाही. मोठे झाल्यावर अंकलनी फौजेच्या कचेऱ्यांना लिहून लिहून बोटं झिजवली. या नावाचा माणूस आमच्याकडे नाही, एवढंच कळलं. पण त्यांची आई मरेपर्यंत सांगायची की तुझा बाप थ्री नॉट थ्री घेऊन लढाईवर गेला आणि बर्फात राहिला.

"लोक दुसरंच बोलायचे, बाय," अंकल म्हणाले. "म्हणायचे, कुठेतरी दुसरं घर केलं असेल." ते फोटोची काच शर्टाच्या बाहीने पुसत होते. "हा पट्टा एखाद्या पलटणीचा असणार. तसा पट्टा फौजेच्या एका रायफलवर मला दिसला ना, की बस. मग कुणाला काही सांगायचं नाही मला. मला कळलं तरी पुरे."

म्हणजे सिनेमे थांबवणं, पुस्तकं, ते डोळे फोडून बघितलेले इंटरनेटवरचे फोटो, सगळं त्या एका पट्ट्यासाठी होतं. मी त्या दिवसापासून त्यांना हसणं सोडलं.

दरवर्षी नोव्हेंबरात ते ऊद मेथाच्या चर्चमध्ये वडिलांच्या नावाने मिस्सा, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, सांगायचे. तारीख त्यांच्या आईनेच ठरवलेली. गावात लढाईची बातमी आली तो दिवस तिने धरला होता. अंकल गाडी चालवत नसत, म्हणून दोन-तीन वर्षं मीच सोडायला गेले. मी बाहेर चहा घेऊन बसायची. एकदा उन्हाला कंटाळून मागच्या बाकावर जाऊन टेकले, तेव्हा फादरनी नावं वाचली. बाकीच्यांची नुसती नावं होती. अंकलच्या वडिलांचं 'जवान इनास' असं वाचलं. अंकल पहिल्या रांगेत ताठ उभे होते. त्यांची मान मागून बघून मला भरून आलं होतं.

खोट्या लेबलाचा त्यांना भारी तिटकारा. एकदा त्यांचीच चूक झाली. एका रायफलला त्यांनी फार दुर्मिळ, सुरुवातीच्या काळातली ठरवलं. अर्बाबनी पाहुण्यांना बोलावून तिचं कौतुक केलं, खजूर-कहवा झाला. महिन्याने अंकलना कळलं की तीन मोडक्या रायफलींचे भाग जोडून कुणीतरी ती बनवली होती. त्यांनी स्वतः अर्बाबना सांगितलं. अर्बाब म्हणाले, "खलास, हबीबी, कोणाला कळणार आहे?" अंकल म्हणाले की मला कळलंय. लेबल बदलेपर्यंत त्यांनी मजलिसची पायरी चढली नाही. मी मधल्या मधे दोघांच्या निरोपांची ने-आण करून थकले. शेवटी अर्बाबनी हात टेकले आणि मी लेबलावर 'तिघींची मिळून एक' या अर्थाचं इंग्लिश लिहिलं. अंकलनी ते दोनदा वाचलं आणि मग कहवा मागितला.

त्यानंतर इंग्लंडच्या एका व्यापाऱ्याकडून पेटी आली. हिंदुस्थानातून भंगारात निघालेल्या जुन्या रायफलींची. दुपारची वेळ होती, अर्बाब नमाजाला गेले होते, मजलिसमध्ये आम्ही दोघंच. अंकलनी नेहमीप्रमाणे दस्ते बघायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. पुढची त्यांनी उलटी केली आणि ती हातातच राहिली. पांढरा पट्टा होता. रंग पिवळा पडलेला, पण पट्टाच. दोन्ही कडांना रेघ होती, आणि फोटोत काळी दिसायची ती रेघ लाल निघाली. मधला आकडा तेवढा वेगळा होता.

"बाय, हीच." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बघ, लाल आहे. लाल असेल असं मला कधी सुचलंच नाही." त्यांनी दस्त्याला गाल लावला. मी माशाल्ला म्हटलं, आणखी काय काय म्हटलं, आता आठवत नाही. दोघंही रडत होतो आणि हसत होतो. मी त्यांना म्हटलं, बसा आधी, पाणी प्या. पण अंकल ते अंकलच. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून त्यांनी नियमाला धरून पहिल्यापासून सुरुवात केली. नाक चपटं. बरोबर. मानगुटीवर मुकुट, आपल्याकडचा कारखाना. बरोबर. मग खटका मागे ओढून ते पोटात वाकले.

ते बराच वेळ वाकूनच राहिले. मला वाटलं आत काही अडकलंय. मीही वाकून बघितलं. गोळ्यांच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवलेला होता. चांगला तासून, घट्ट बसवलेला. मी विचारलं, हे कुणी दुरुस्त केलंय का? अंकल खाली गालिच्यावर बसले.

"ही फौजेची नाही," ते म्हणाले. "ही पहाऱ्याची. पोलिसांना, जेलच्या शिपायांना द्यायचे. एक गोळी घालायची, ती उडवायची, मग दुसरी. पेटीत लाकूड ठोकून टाकायचे, म्हणजे दहा गोळ्या भरता येऊ नयेत. सरकारचा ज्यांच्यावर भरवसा नव्हता, त्यांच्यासाठी ही होती. म्हणजे पट्टा पलटणीचा नाही, हिचा."

त्यांना हा प्रकार माहीत होता. पुस्तकात पानंच्या पानं होती त्यावर. पण मला शिकवताना त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. बाहेरून बघितलं तर ही आणि फौजेची, दोघी सारख्याच दिसतात, फोटोत तर ओळखणं अशक्यच. तेवढ्याच फटीत त्यांनी आपलं आयुष्य काढलं होतं. मला त्या ठोकळ्याचा एवढा संताप आला की वाटलं, तो उपसून काढावा आणि खाडीत फेकून द्यावा.

अर्बाब परत आले. त्यांना काय, भिंतीवर जागा भरायची होती. म्हणाले, बाकीच्यांसारखंच लिही, थ्री नॉट थ्री, इंडियन आर्मी, यल्ला. मी अंकलकडे बघितलं आणि मराठीत हळूच म्हटलं, "लिहिते तसंच, अंकल. फौजेतसुद्धा कुणी असा पट्टा मारत असेल. एकावरून काय सिद्ध होतं?" मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. कुणाचं काय जात होतं? अर्बाबची भिंत, अर्बाबची बंदूक, आणि ज्याचं जाणार होतं तो माणूस मरून गेलेला.

अंकलनी मला पेन घ्यायला सांगितलं आणि एकेक शब्द सांगून लिहून घेतलं. पहाऱ्याची मस्केट बंदूक. एकगोळी. पोलीस आणि तुरुंग. फौजेत वापर नाही. शेवटचं वाक्य मी गाळलं, तर त्यांनी कागद ओढून घेऊन बघितलं आणि परत माझ्यापुढे ठेवला. मी ते लिहिलं.

आम्ही गाडीने परतत होतो. शेख झायेद रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. अंकल म्हणाले, "म्हणजे तो बर्फात गेलाच नव्हता. कुठल्यातरी भिंतीपाशी उभा होता." मी गाडी हातभर पुढे सरकवली. मग ते म्हणाले, "ड्युटी संपल्यावर घरी जात असेल ना, बाय? कुणाच्या घरी जात असेल?" मला उत्तर द्यायला हवं होतं. काहीतरी, खोटंनाटं. पण त्या माणसासमोर खोटं बोलायची सोयच नव्हती.

त्या नोव्हेंबरात मी आदल्या दिवशी विचारलं, उद्या किती वाजता निघायचं? अंकल म्हणाले, उद्या नको. मग कधी, विचारलं तर म्हणाले, "कधीचं काय सांगू? आज तो असता तर नव्वदीच्या पुढे असता, म्हणजे मेलाच असेल. पण कधी मेला ते ठाऊक नाही. त्या तारखेला तर तो जिवंत होता. जिवंत माणसासाठी माझ्या आईने आयुष्यभर मेणबत्त्या लावल्या." खोलीतला फोटो त्यांनी काढला नव्हता. फक्त पलंगाची दिशा बदलली होती, त्याच्याकडे डोकं करून झोपायचे आता, म्हणजे तो दिसायचा नाही.

मजलिसला येणं त्यांनी बंद केलं. अर्बाब विचारायचे, तो मिस्टर कुठे गेला? मी सांगायची, तब्येत बरी नाही. पेट्या येत राहिल्या, मी एकटी नाक-मानगूट-पोट करत राहिले, आणि मला जमायलाही लागलं होतं. अडलं की फोटो पाठवायची. आधी त्यावर तासभर फोन चालायचा. आता नुसता अंगठा यायचा.

एका शुक्रवारी लविना त्यांना जबरदस्तीने आमच्याकडे घेऊन आली. मुद्दामच लढाईचा सिनेमा लावला होता आम्ही. त्यातल्या बंदुका इतक्या चुकीच्या होत्या की मलासुद्धा कळत होतं. बर्फाचा देखावा आला. अंकल सोफ्याच्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या लेकीला राहवेना. तिने रिमोट त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "अंकल, इज दॅट गन करेक्ट?" अंकलनी रिमोट घेतला नाही. "असेल," म्हणाले. माझी लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सिनेमा एकदाही न थांबता संपला.

पुढच्या वर्षी लविनाला कॅनडाची नोकरी लागली. अंकलचा व्हिसा तिच्या व्हिसावर, आणि कॅनडाला त्यांना लगेच नेता येत नव्हतं. वसईचं घर बंद होतं, ते उघडायचं ठरलं. एअरपोर्टला मी गेले होते. कडक इस्त्रीचा शर्ट होता, पण कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी म्हटलं, इन्शाल्ला येईन वसईला, तुमच्या हातची मासळी खायला. ते म्हणाले, "ये. पोट उघडून बघत जा, बाय. सोडू नकोस ते." आत जाताना त्यांनी वळून पाहिलं नाही.

वसईला ते फार टिकले नाहीत. लविनाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात लेबल टाइप करत होते. झोपेतच गेले, शेजाऱ्यांनी सकाळी दार फोडलं. जिथे लोक दुसरंच बोलायचे त्याच गावात, त्याच घरात. मी लेबल अर्धवट टाकून बाथरूममध्ये जाऊन रडले.

नोव्हेंबर आला तेव्हा मला राहवेना. मी मुसलमान बाई, मिस्सा कसा सांगतात मला काय माहीत! तरी ऊद मेथाला गेले, चर्चच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. काउंटरवर एक मंगळुरी बाई होत्या. अंकलचं नाव सांगताच त्यांनी ओळखलं. गेले का, म्हणून छातीवर क्रॉस केला. अंकल कधी गेले, ती तारीख मी सांगितली, त्यांनी लिहून घेतली. मग त्यांनी आपणहून विचारलं, "और उनके फादर का? हर साल का, जवान इनास? वैसा ही लिखूँ?"

लिहा म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? फादरनी वाचलं असतं, लोकांनी ऐकलं असतं, अंकलच्या आईला कुठेतरी बरं वाटलं असतं. माझ्या जिभेवर होकार आलाही होता. पण मग मला ते शेवटचं वाक्य आठवलं, जे मी गाळलं होतं आणि त्यांनी परत माझ्यापुढे ठेवलं होतं.

"जवान मत लिखिए," मी म्हटलं. "सिर्फ इनास. बस्त्याव के फादर."

त्यांनी लिहिलं, आणि मान वर करून विचारलं, "डेथ का डेट?"

"मालूम नहीं," मी म्हटलं. "घर नहीं आए, इतना ही मालूम है."